प्रवेश सगळ्यांना, पदवी कुणाला?

सप्रेम नमस्कार ताई,

माझं वय ४१. पदवीची दोन वर्षं पूर्ण झाली होती. तिसऱ्या वर्षी वडिलांचं आजारपण निघालं आणि शिक्षण सुटलं ते सुटलंच. आता एका खासगी कार्यालयात हिशेबाचं काम बघते. काम मला येतं, नव्या मुलांना मीच शिकवते, पण बढतीची वेळ आली की ‘पदवी नाही’ एवढं एकच कारण पुढे येतं. म्हणून दूरशिक्षणाची चौकशी सुरू केली. एका विद्यापीठाच्या माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत होतं, ‘सर्वांसाठी खुलं’. आत वाचत गेले तर नोंदणी शुल्क वेगळं, परीक्षा शुल्क वेगळं, माझ्या जुन्या दोन वर्षांचं काय होणार ते कुठेच नाही, आणि परीक्षा नेमक्या वर्षअखेरीच्या हिशेबाच्या दिवसांत. दुसऱ्या एका ठिकाणी शिकवणी मोफत होती, पण प्रत्येक विषयाच्या मूल्यमापनाचे पैसे होते. धडे वाचायला मिळाले, पण पानापानावर ‘सर्व हक्क राखीव’. मैत्रिणीला एका धड्याची प्रत काढून द्यावी की नाही, इथवर शंका आली. भाऊ म्हणतो, असल्या पदव्यांना कुणी विचारत नाही, पैसे वाया घालवू नकोस. मला तीन गोष्टी सांगा. ही मुक्त विद्यापीठं खरोखर मुक्त असतात, की नुसता देखावा? भाऊ म्हणतो ते खरं का? आणि मी नाव घालू की नको?

— एक वाचक

सप्रेम नमस्कार.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तुमचं पत्र वाचताना कळत होतं की खरा प्रश्न तोच आहे. नाव घाला. फक्त याच महिन्यात घाईघाईने नको, आणि ‘सर्वांसाठी खुलं’ या ओळीवर भाळून तर नकोच.

तुम्ही पाहिलेलं माहितीपत्रक खोटं बोलत नाही, अर्धवट बोलतं. ‘खुलं’ म्हणजे त्यांच्या लेखी एवढंच की आत यायला गुणांची अट नाही, किंवा आधीच्या परीक्षेची नाही, किंवा वयाची नाही. विद्यापीठाला ही सवलत देणं सगळ्यात सोपं जातं. वर्गखोल्या लागत नाहीत, बाकं लागत नाहीत. आणखी हजार जणांनी नाव घातलं तर छापखान्यातून आणखी हजार प्रती निघतात. हल्ली तेवढीही तसदी नाही, आणखी हजार लॉगइन तयार होतात. खर्च सुरू होतो तो यानंतर. विद्यार्थ्याने लिहिलेलं कुणीतरी वाचावं लागतं. तो मध्येच गप्प झाला तर त्याला फोन करावा लागतो. नापास झाला तर पुन्हा बसवावं लागतं. दुसरीकडून आला तर त्याचं आधीचं शिक्षण तपासून धरावं लागतं. विद्यापीठ किती मोकळं आहे ते इथे कळतं, आणि माहितीपत्रक नेमकं इथवर येतच नाही.

हे आजचं नाही. लंडन विद्यापीठाने १८५८ साली आपल्या परीक्षा बाहेरच्यांना खुल्या केल्या. कुठल्या कॉलेजात शिकलात हे विचारणं बंद झालं. घरी अभ्यास करा, परीक्षेला बसा, पदवी घ्या. दूरशिक्षणाचा इतिहास सांगणारे बरेच जण इथूनच सुरुवात करतात. पण त्या ‘कुणीही या’मध्ये बायका नव्हत्या. त्यांना पदवीचा हक्क मिळाला १८७८ साली. वीस वर्षं ते विद्यापीठ सर्वांना खुलं होतं आणि निम्म्या माणसांना बंद होतं, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीला १९६९ साली सनद मिळाली. पहिले कुलपती लॉर्ड क्राउदर यांनी तेव्हाच्या भाषणात सांगितलं की हे विद्यापीठ माणसं, ठिकाणं, पद्धती आणि विचार या चारही बाबतींत खुलं असेल. पुढे जगभरच्या मुक्त विद्यापीठांनी या चौकडीचा आधार घेतला. जानेवारी १९७१ मध्ये प्रत्यक्ष अभ्यास सुरू झाला तेव्हा आधीच्या शिक्षणाची कसलीही अट नव्हती, आणि त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती. पण २१ वर्षं पूर्ण असण्याची अट होती. जागांपेक्षा अर्ज जास्त आले, म्हणजे रांग आलीच. पायाभूत अभ्यासक्रमांसोबत उन्हाळ्यात एक आठवडा घर सोडून निवासी वर्गाला जावं लागे. अनेकांना तो आठवडा जन्मभर पुरला. पदरात तान्हं मूल असलेल्या बाईला तोच आडवा आला असणार. हे मी त्या विद्यापीठाला नावं ठेवायला सांगत नाही. त्याने जे केलं त्याला तोड नाही. पण एका बाजूने मोकळीक दिली की दुसऱ्या कुठल्यातरी बाजूने ती आवळली जाते, आणि कुठे आवळली आहे हे नावावरून कळत नाही.

दूरशिक्षण देणारं प्रत्येक विद्यापीठ मुक्त असतं असंही नाही. स्पेनचं यूएनईडी १९७२ पासून घरबसल्या शिकवतं, पण पदवीला प्रवेश हवा तर तिथल्या इतर विद्यापीठांना लागते तशीच पात्रता लागते. ती नसेल तर २५ वर्षांवरच्यांसाठी वेगळी प्रवेश परीक्षा आहे. कॅनडातलं अथाबास्का विद्यापीठ १६ वर्षांवरच्या जवळजवळ कुणालाही पदवीच्या अभ्यासाला घेतं, आणि बहुतेक विषय दर महिन्याला सुरू करू देतं. आपलं इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, १९८५ सालचं, विद्यार्थीसंख्येने जगातल्या सगळ्यात मोठ्या विद्यापीठांपैकी एक. तिथे प्रवेश वर्षातून दोनदा, जानेवारीला आणि जुलैला. तिन्ही ठिकाणी घरी बसूनच शिकायचं, पण मोकळीक तीन जागी तीन तऱ्हेची.

आता तुमचं बघा. तुम्हाला प्रवेशाची मोकळीक नकोच आहे! दोन वर्षं पूर्ण केलेल्या माणसाला नेहमीच्या विद्यापीठाचीही पात्रता असते. तुम्हाला हवी आहे वेळेची मोकळीक, आणि जुन्या दोन वर्षांची किंमत. माहितीपत्रक मात्र तुम्हाला गरज नसलेली गोष्ट मोठ्या अक्षरांत देतंय.

पैशांचं. मोकळं आणि मोफत ही जोडी लोकांच्या डोक्यात पक्की बसली आहे, पण मुक्त विद्यापीठांनी फी घेणं सहसा सोडलेलं नाही. ती कमी ठेवली, आणि तीही सरकारने भार उचलला तोवर. इंग्लंडमध्ये २०१२ पासून अध्यापनाचं सरकारी अनुदान बहुतांशी काढून घेतलं गेलं आणि ओपन युनिव्हर्सिटीची फी एकदम चढली. प्रवेशाच्या अटी तेव्हाही वाढल्या नव्हत्या. तरी इंग्लंडमध्ये अर्धवेळ शिकणाऱ्या प्रौढांची संख्या कोसळली. स्कॉटलंडमध्ये कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना सरकारी मदत चालू राहिली. तेच विद्यापीठ, तेच धडे, तीच पदवी. सरहद्द ओलांडली की मोकळेपणाचा भाव बदलतो.

तुम्ही पाहिलेला दुसरा प्रकार, शिकवणी मोफत आणि मूल्यमापनाला पैसे, ही युनिव्हर्सिटी ऑफ द पीपलसारखी रचना आहे. शाई रेशेफ यांनी ती २००९ साली सुरू केली. शिकवण्याचे पैसे नाहीत. अर्जाचे आणि प्रत्येक विषयाच्या मूल्यमापनाचे आहेत, आणि ते हे उघडपणे सांगतात. स्वयंसेवकांच्या मोठ्या फौजेवर ते विद्यापीठ चालतं, म्हणून खर्चही आवाक्यात राहतो. यात फसवणूक मुळीच नाही. फक्त एकरकमी आकडा समोर येत नाही, थोडा थोडा येतो, आणि माणसाची बेरीज करायची राहून जाते. तुम्ही हिशेबातल्या आहात, तुम्हाला हे मी काय सांगणार! एक कोरा कागद घ्या आणि पदवी हातात पडेपर्यंतचं सगळं मांडा: नोंदणी, दरवर्षीची पुनर्नोंदणी, परीक्षा, फेरपरीक्षा, फेरतपासणी, गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, परीक्षा केंद्रापर्यंतचं भाडं, रजा बिनपगारी असेल तर बुडालेला पगार. फेरपरीक्षेचा खर्च दोन-तीन विषयांचा तरी धराच. तुम्ही हुशार असाल, पण मुलाची परीक्षा आणि तुमची परीक्षा एका दिवशी येऊ शकते.

आणि जिथे खरोखर एक पैसा लागत नाही, तिथे बहुधा पदवीही नसते. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने २००१ साली जाहीर केलं की आमच्या अभ्यासक्रमांचं साहित्य कुणालाही फुकट बघता येईल. ओपन युनिव्हर्सिटीचं ओपनलर्न २००६ पासून आहे. इग्नूचे बरेचसे धडे ई-ज्ञानकोशावर वाचायला मिळतात. तिन्हींचा मनसोक्त उपयोग करा. पण नुसतं वाचून पदवीचे श्रेयांक (क्रेडिट) पदरात पडत नाहीत. २०१२ साली कोर्सेरा आणि एडएक्स हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे मंच आले तेव्हा आता विद्यापीठांची गरजच उरणार नाही अशी हवा झाली होती. एडएक्स तर हार्वर्ड आणि एमआयटीने ना-नफा तत्त्वावर सुरू केलेलं. २०२१ साली ते टूयू नावाच्या कंपनीला विकलं गेलं. हार्वर्ड आणि एमआयटीच्या एडएक्सवरच्या अभ्यासक्रमांची पाहणी २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आली होती. २०१७-१८ या वर्षात नाव घातलेल्यांपैकी जेमतेम ३ टक्के लोकांनी अभ्यासक्रम पुरा केला होता. पैसे भरून प्रमाणपत्राच्या वाटेला लागलेल्यांत मात्र निम्म्याच्या जवळपास. यावरून पैसे भरले की माणूस शिकतो असा निष्कर्ष काढू नका; ज्यांचं आधीच ठरलेलं असतं तेच पैसे भरतात. पण नुसती वाट मोकळी ठेवली की लोक मुक्कामाला पोचतात, ही समजूत त्या ३ टक्क्यांनी निकालात काढली.

म्हणजे मधे काय घडतं ते महत्त्वाचं. मी काही वर्षं एका दूरशिक्षण संस्थेचे स्वाध्याय तपासले आहेत, त्यामुळे इथे जरा रेंगाळते.

तपासलेले स्वाध्याय दोन प्रकारचे असतात. एकात पहिल्या पानावर लाल शाईने १२/२०, प्रत्येक उत्तराखाली बरोबरची एक खूण, शेवटी सही. खुणा इतक्या एकसारख्या की उत्तर कोरं असतं तरी खूण पडली असती असं वाटावं. दुसऱ्यात समासात लिहिलेलं असतं: ‘दुरुस्तीचा खर्च तुम्ही यंत्राच्या किमतीत मिळवला, म्हणून पुढचा घसारा चुकला. पद्धत बरोबर आहे. याच धड्यातलं तिसरं उदाहरण दुरुस्ती वगळून पुन्हा सोडवा.’ गुण इथेही १२च असतील. पण ही बाई पुढचा स्वाध्याय पाठवते. पहिल्या प्रकारातली पाठवेलच असं नाही, कारण तिला कळलेलंच नसतं की आठ गुण गेले कुठे. घरी एकटीने, रात्री, सगळं आवरल्यावर अभ्यास करणाऱ्याला कुणीतरी आपलं लिहिलेलं वाचलं याची एकमेव खूण म्हणजे तो समास.

मग सगळेच समासात का लिहीत नाहीत? कारण बहुतेक ठिकाणी तपासनिसाला वहीमागे ठरलेले पैसे मिळतात. शेरा लिहा न लिहा, रक्कम तेवढीच. जर्मनीतले अभ्यासक ऑटो पीटर्स, पुढे १९७४ साली हागेनला दूरशिक्षण विद्यापीठ निघालं त्याचे पहिले प्रमुख, यांनी १९६०च्या दशकातच मांडलं होतं की दूरशिक्षण हे शिक्षणाचं कारखानी रूप आहे: कामाची वाटणी, एकाच मालाचं मोठं उत्पादन, आणि माणसामागे कमी खर्च. धडा एकदा लिहिला की लाखभर लोकांना चालतो. शिक्षक मात्र विद्यार्थी वाढले की वाढवावा लागतो. अंदाजपत्रकात कात्री लावायची वेळ आली की ती कुठे लागत असेल, हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्याकडे दरवर्षी वर्षअखेरीला तेच होत असेल.

म्हणून माझी एक जुनी कसोटी आहे. ज्या विद्यापीठात नाव घालायचा विचार आहे, तिथे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेली एखादी विद्यार्थिनी गाठा आणि तिचा तपासून आलेला एक स्वाध्याय बघायला मागा. त्यात दोन गोष्टी पाहा: समासात काही लिहिलं आहे का, आणि तो तिच्या हातात परीक्षेच्या आधी पडला की नंतर. परीक्षा होऊन गेल्यावर आलेला शेरा कितीही सुरेख असला तरी त्याचा उपयोग रद्दीत वजन वाढण्यापुरता. ऑनलाइन तपासणी असेल तरी कसोटी तीच. समासाच्या जागी शेऱ्याचा चौकोन असतो, तो रिकामा आहे का बघा. प्रवेश कक्षात चौकशी करू नका. तिथे सगळे गोड बोलतात.

आता बाहेर पडण्याची बाजू. तुमच्या जुन्या दोन वर्षांना श्रेयांक मिळतात का, हा तुमच्या बाबतीत सगळ्यात महागडा प्रश्न आहे; दोन वर्षांची फी आणि दोन वर्षांचं आयुष्य त्यावर अवलंबून. बऱ्याच विद्यापीठांत श्रेयांक हस्तांतराचे नियम असतात, पण त्यात दोन खाचा असतात. एक, शिक्षण किती जुनं चालेल याची मर्यादा. दोन, पदवीचा किती हिस्सा बाहेरच्या श्रेयांकांवर भागवता येईल याची मर्यादा. तुम्ही आज करायचं काम म्हणजे जुन्या विद्यापीठातून दोन्ही वर्षांच्या गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती आणि त्या काळचा अभ्यासक्रम मिळवणं. अभ्यासक्रम मिळवायलाच वेळ लागतो, कारण जुना अभ्यासक्रम कुठल्या कपाटात आहे हे सांगणारा माणूस बहुधा निवृत्त झालेला असतो. तो जोडून नव्या विद्यापीठाला लेखी विचारा आणि लेखी उत्तर येईपर्यंत एकही शुल्क भरू नका. ‘आधी प्रवेश घ्या, मग बघू’ असं कुणी म्हणालं तर ते उत्तर ‘नाही’ असं धरून चाला.

नोंदणी किती वर्षं चालते हेही विचारा. तीन वर्षांची पदवी सहा वर्षांत करू देणारं विद्यापीठ आणि चारच वर्षांत संपवायला लावणारं विद्यापीठ, यांत पहिलं तुमच्यासाठी कितीतरी जास्त मोकळं, मग दुसऱ्याच्या माहितीपत्रकावर काहीही छापलेलं असो. मधे एखादं वर्ष थांबलात तर आधीचे गुण टिकतात की पुसले जातात? वाटेत उतरायची वेळ आली तर हातात काही पडतं का? ओपन युनिव्हर्सिटीत १२० श्रेयांकांवर प्रमाणपत्र, २४० वर पदविका आणि ३६० वर ऑनर्स पदवी अशी शिडी आहे. २४० वर थांबलेली बाई तिथे ‘अर्धवट शिकलेली’ ठरत नाही. तुम्ही मागच्या वेळी दोन वर्षं करून रिकाम्या हाताने बाहेर पडलात, हे लक्षात असू द्या.

परीक्षेबद्दल थोडक्यात. केंद्रावर जाऊन द्यायची असेल तर केंद्र किती लांब आणि वर्षातून किती वेळा, एवढं बघा. वर्षातून दोन वेळा परीक्षा असतील तर तुमचा वर्षअखेरीचा प्रश्न मिटला. अवघड विषय दुसऱ्या फेरीला ठेवायचे. घरून, कॅमेऱ्यासमोर द्यायची असेल तर दार लावून बसायला स्वतंत्र खोली, न तुटणारं इंटरनेट आणि दोन-तीन तास कुणीही हाक न मारणं, हे सगळं आलं. ज्यांच्याकडे हे तिन्ही आहे त्यांना ती सोय. बाकीच्यांना केंद्र बरं.

आणि विद्यापीठ कितीही मोकळं असलं तरी तुमचा वेळ कुणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न उरतोच. नेल्सन मंडेला रॉबेन बेटावरच्या तुरुंगातून लंडन विद्यापीठाच्या कायद्याच्या पदवीचा अभ्यास करत होते. विद्यापीठाची हरकत नव्हती. पण अभ्यासाची परवानगी तुरुंगाच्या हातात होती, आणि ती मधली काही वर्षं काढून घेतली गेली. कायद्याची पदवी शेवटी दक्षिण आफ्रिकेच्या युनिसा विद्यापीठातून १९८९ साली मिळाली, तेव्हाही ते कैदेतच होते. तुमचं कार्यालय म्हणजे तुरुंग नव्हे, मला ठाऊक आहे. तरी परीक्षेच्या दिवसांची रजा मिळेल का, हे वरिष्ठांना आत्ताच विचारा, आणि तेही लेखी. आयत्या वेळी ‘यंदा फार काम आहे हो’ हे वाक्य किती विद्यार्थ्यांची वर्षं खातं, ते मी गैरहजेरीच्या याद्यांमध्ये पाहिलेलं आहे.

आता भावाचं. ते सगळंच चूक बोलत नाहीत, पण दोन-तीन वेगळ्या गोष्टी त्यांनी एकात एक घातल्या आहेत. पदवी देणारी संस्था तुमच्या देशाच्या उच्च शिक्षणाच्या नियामकाने मान्य केलेली आहे का, हा एक भाग. तो हो किंवा नाही असाच असतो, आणि नियामकाच्या यादीत स्वतः नाव शोधून कळतो. विद्यापीठाने छापलेल्या मान्यतेच्या मुद्रेवर विसंबू नका. शोधताना संस्थेचंच नव्हे, तुम्हाला हव्या असलेल्या अभ्यासक्रमाचं आणि त्या वर्षाचंही नाव शोधा, कारण संस्था मान्य आणि अभ्यासक्रम अमान्य असंही होतं. वैद्यकी, परिचर्या अशा प्रत्यक्ष सरावाच्या व्यवसायांत नुसत्या दूरशिक्षणाने परवाना मिळत नाही, तिथे भावाचं बरोबर आहे. हिशेब, वाणिज्य, भाषा, समाजशास्त्र यांना ती अडचण सहसा येत नाही. आठवडाभरात ‘अनुभवावर’ पदवी देणारी दुकानंही आहेतच, आणि नावात ‘ओपन’ घालायला त्यांना कुणी अडवत नाही. तिथे अभ्यास नसतो, स्वाध्याय नसतो, फक्त पैसे भरायची घाई असते.

‘कुणी विचारत नाही’ मधला ‘कुणी’ कोण, हे मात्र भावाला विचारा. तुमच्या बाबतीत तो ‘कुणी’ म्हणजे एकच माणूस: तुमच्या कार्यालयातला बढतीचा निर्णय घेणारा. त्यालाच दोन ओळींचं पत्र द्या. अमुक विद्यापीठाची अमुक पदवी मी दूरशिक्षणाने पूर्ण केली तर बढतीसाठी ती ग्राह्य धराल का? उत्तर ‘हो’ आलं तर भावाचा मुद्दा संपला. ‘नाही’ आलं तर फी भरण्याआधीच कळलं. आणि उत्तरच आलं नाही, तर अडचण पदवीची नसून दुसरीच कसली तरी आहे, आणि त्यासाठी मला वेगळं पत्र लिहा.

हे सगळं हाती आलं की एकदम सगळे विषय घेऊ नका. नियमात बसत असेल तर पहिल्या सत्राला एकच विषय घ्या, तोही हिशेबाचा नको. हिशेब तुम्हाला येतो; त्यावरून विद्यापीठ कसं शिकवतं ते कळणार नाही. अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्र घ्या, जिथे तुम्ही अडाल. अडल्यावर कोण उत्तर देतं, किती दिवसांनी देतं, आणि ते उत्तर तुमच्या प्रश्नाचं असतं की सगळ्यांना पाठवलेलं छापील, हे एका सत्रात कळून येईल. नाही पटलं तर एका विषयाचे पैसे गेले, तीन वर्षांचे नाही.

राहिली मैत्रिणीची प्रत. ‘सर्व हक्क राखीव’ असेल तर वाचायला खुलं आहे म्हणून वाटायला खुलं आहे असं होत नाही. स्वतःच्या अभ्यासापुरती छापील प्रत काढणं बऱ्याच देशांच्या कायद्यात चालतं. इतरांना प्रती देण्याचे नियम देशागणिक वेगळे. धडा उघड वाचता येत असेल तर तिला सरळ दुवा पाठवा, प्रश्नच मिटला. पहिल्या किंवा शेवटच्या पानावर क्रिएटिव्ह कॉमन्सची, म्हणजे ठरावीक अटींवर वाटायची परवानगी आधीच दिल्याची, खूण असेल तर मात्र निर्धास्तपणे प्रत काढा, नाव-गाव तसंच ठेवून द्या. त्या खुणेत ‘अव्यावसायिक’ असेल तर पैसे घेऊ नका. ‘बदल नको’ असं असेल तर धडा आहे तसाच द्या, त्याचा अनुवाद करून किंवा सोपा करून वाटू नका. एमआयटीचं साहित्य आणि ओपनलर्नवरचे बहुतेक धडे बदल करायला परवानगी देतात, मूळ नाव द्यायचं, पैसे कमवायचे नाहीत आणि आपण केलेलं पुढे त्याच अटींवर खुलं ठेवायचं एवढीच अपेक्षा. तुम्हाला घसारा तुमच्या भाषेत मैत्रिणीला समजावून लिहायचा असेल, तर सुरुवात तिथून करा.